सिग्नल लाल का होऊन बसतो?

पावसाळ्यात एकदा तरी ही बातमी येतेच: ‘सिग्नल यंत्रणेत बिघाड, मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत’. मग सायन-कुर्ल्याच्या मध्ये अडकलेल्या डब्यात रेल्वेचा यथेच्छ उद्धार होतो. वैताग खराच आहे. पण अशा वेळी तो सिग्नल बहुधा लाल होऊन बसलेला असतो, आणि अडचण आल्यावर लाल होणं हे तर त्याला नेमून दिलेलं काम आहे.

आधी थोडं दिव्यांबद्दल. रस्त्यावर लाल दिसला की आपण ब्रेक दाबतो. रुळांवर ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घरंगळतं, म्हणूनच एक इंजिन हजारो टन माल ओढू शकतं. थांबताना मात्र हाच गुण नडतो. मालगाडीत तर ब्रेकच्या नळीतली हवा शेवटच्या वाघिणीपर्यंत उतरायलाच काही सेकंद जातात. लाल दिवा दिसल्यावर ब्रेक लावायचा म्हटलं तर गाडी तो ओलांडून पुढे जाईल. त्यामुळे चालकाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा दिवा लालच्या आधीचा.

स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलच्या साधारण एक किलोमीटर अलीकडे ‘डिस्टंट’ सिग्नल उभा असतो. खांबावर ‘पी’ अक्षराची गोल पाटी असते. हा कधीच लाल होत नाही. पिवळा असेल तर पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने यायचं. दोन पिवळे असतील तर पुढचा सिग्नल ओलांडता येईल, पण बेताच्या वेगाने. बहुतेक वेळा गाडी लूप लाइनला, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणाऱ्या बाजूच्या रुळांवर, घेतलेली असते. हिरवा असेल तर बिनधास्त. मुंबईच्या लोकल मार्गांवर स्वयंचलित सिग्नल असतात. तिथे गाडीच्या मागचा सिग्नल लाल, त्याच्या मागचा पिवळा, मग दोन पिवळे आणि मग हिरवा, अशी रांग गाडीबरोबर सरकत राहते. दोन पिवळ्यांतला एक दिवा गेला तर उरतो एक पिवळा, म्हणजे आधीपेक्षा कडक सूचना. चूक झालीच तर ती सावधपणाच्या बाजूनेच व्हावी, अशी ही आखणी.

पण पुढे गाडी आहे हे सिग्नलला कळतं कसं? माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

१८७० साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने पेनसिल्व्हेनियात एक यंत्रणा बसवली. गाडीच्या चाकाने एक तरफ दाबली जायची, विजेचं मंडल जोडलं जायचं आणि सिग्नल धोका दाखवायचा. चालली छान. मग त्याच्या लक्षात आलं की तार तुटली किंवा बॅटरी संपली, तर गाडी येऊनही सिग्नल ‘रस्ता मोकळा’ असंच सांगत राहील. म्हणून त्याने सगळं उलटं केलं आणि १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेशन घालून शेजारच्या रुळांपासून वेगळा करायचा. एका टोकाला दोन रुळांमध्ये कमी व्होल्टेजची बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच. प्रवाह एका रुळाने जातो, रिलेतून फिरतो आणि दुसऱ्या रुळाने परततो. तोवर रिलेचं चुंबक लोखंडी पट्टी उचलून धरतं, आणि पट्टी वर आहे तोवरच सिग्नलला हिरवा किंवा पिवळा होता येतं. गाडी त्या तुकड्यात शिरली की चाकं आणि आस मिळून दोन्ही रूळ जोडतात. प्रवाह तिथूनच परत फिरतो, रिलेला काही उरत नाही, पट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि सिग्नल लाल. बॅटरी मेली, तार तुटली, थंडीत रूळ आकसून तडकला आणि टोकं वेगळी झाली, तरी पट्टी पडणारच. तिला खाली आणायला वीज लागत नाही, गुरुत्वाकर्षण पुरतं. ठिणगीने वितळून धातूला धातू चिकटू नये म्हणून अशा रिलेत एका बाजूचा संपर्कबिंदू कार्बनचा ठेवतात.

थोडक्यात, लाल म्हणजे ‘पुढे गाडी आहे’ असं नव्हे. लाल म्हणजे ‘पुढे रस्ता मोकळा असल्याची खात्री मला देता येत नाही’.

मुंबईत याला आणखी एक फाटा होता. लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर धावत आणि मोटरचा परतीचा प्रवाहही त्याच रुळांतून जाई. डीसी रिलेला तो आपलाच वाटला असता, म्हणून तिथे रुळांतलं हे मंडल, म्हणजे ट्रॅक सर्किट, एसीचं आलं: फक्त ठरावीक एसीलाच दाद देणारा रिले, आणि इन्सुलेशनच्या सांध्यापाशी मोटरचा प्रवाह पलीकडे जाऊ देऊन सिग्नलचा अडवणारे इम्पिडन्स बाँड. पुढे २५ हजार व्होल्ट एसी आल्यावर हे गणित पुन्हा मांडावं लागलं.

आता पाऊस. रुळांखालची खडी आणि स्लीपर कोरडे असताना दोन रुळांमधून फारशी वीज झिरपत नाही. गाळाचं पाणी रुळांपर्यंत चढलं की ती झिरपते, रिलेला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि गाडी नसतानाही सिग्नल लाल होतो. अशा स्वयंचलित सिग्नलपाशी नियमानुसार दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून मोटरमन पुढे निघतो, पण फार तर ताशी १५ किलोमीटरने, समोर काही दिसलं तर थांबता येईल अशा बेताने. लोकल थांबून थांबून का सरपटते, ते यात आलं.

दसऱ्याला डब्याला झेंडूचे हार घालायला माझी काहीच हरकत नाही. पण इंजिनाला लिंबू-मिरची बांधून अपघात टळतात म्हणणाऱ्यांनी एकदा रिलेरूम बघावी. ‘कवच’ या स्वयंचलित सुरक्षा यंत्रणेबद्दलचा गाजावाजाही जरा जपून ऐकावा. चालकाने लाल दुर्लक्षिला तर कवच ब्रेक लावतं, हे फार मोलाचं आहे. मात्र पुढचा सिग्नल काय आहे, हे त्यालाही इंटरलॉकिंगकडूनच, म्हणजे सिग्नल आणि रूळ बदलणारे सांधे यांचा मेळ राखणाऱ्या यंत्रणेकडूनच कळतं. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला अपघात झाला तेव्हा कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा होता आणि सांधा लूप लाइनकडे लागलेला होता. चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या बदलांतल्या चुका पुढे आल्या. सुरक्षित बाजूला पडणारा रिलेसुद्धा माणसाने चुकीची तार जोडली तर हतबल होतो.

पाण्यावर उपाय म्हणून ॲक्सल काउंटर वापरतात. तुकड्यात किती आस शिरले, किती बाहेर पडले, हे तो मोजतो. खडी ओली की सुकी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण रूळ तुटला तर तेही त्याला कळत नाही. तिथे अल्ट्रासोनिक तपासणी लागते आणि रुळाने पायी चालणारा कीमन लागतो. रूळ तुटलेला दिसला की ब्रॉडगेजवर तो तिथून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन पटाखे रुळाला बांधतो. गाडी आलीच, तर ते चाकाखाली फुटतात आणि आवाज ऐकताच चालक ब्रेक लावतो.