पाठ असलेलं आणि सुचणारं: जागेपणी होणारी मेंदूची शस्त्रक्रिया

'मेंदूचं ऑपरेशन चालू, आणि रुग्ण हनुमान चालिसा म्हणतोय' असे व्हिडिओ अधूनमधून फिरतात आणि खाली 'चमत्कार' म्हणून हात जोडले जातात. रुग्णाच्या धीराला दाद द्यायलाच हवी, पण यात चमत्कार नाही. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मेंदूचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड १९३०च्या दशकात जाग्या रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया करत होते. मेंदूच्या ऊतीत वेदना जाणवणारे चेतातंतू नसतात. दुखते ती डोक्याची त्वचा आणि मेंदूवरचं जाड आवरण, आणि ती भूल देऊन बधिर करता येतात.

रुग्णाला जागं ठेवतात ते गाठ काढताना त्याची भाषा शाबूत राहते का, हे तपासायला; आणि त्यासाठी पाठांतर फारच अपुरं आहे. पक्षाघातानंतर साधा 'तांब्या' आठवत नाही असा माणूस आरती किंवा दोनचा पाढा सलग म्हणू शकतो. घोकलेला मजकूर एकदा सुरू झाला की एक शब्द पुढच्याला ओढून आणतो. चित्र बघून नाव सांगताना मात्र वस्तू ओळखणं, अर्थ गाठणं, शब्द शोधणं, त्याचे ध्वनी जुळवणं आणि जीभ हलवणं हे सगळं दोन-तीन सेकंदांत जमावं लागतं. सर्जनला कापायच्या आधी नेमकं हेच तपासायचं असतं.

त्यासाठी ५ मिलिमीटर अंतरावर दोन टोकं असलेली सळई मेंदूच्या पृष्ठभागावर टेकवतात. प्रवाह साधारण ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० स्पंद, प्रत्येक स्पंद १ मिलिसेकंदाचा. दीड-दोन मिलिअँपिअरपासून सुरुवात करून अर्ध्या-अर्ध्या मिलिअँपिअरने वाढवतात. चित्र दाखवण्याच्या किंचित आधी सळई टेकते आणि सुमारे चार सेकंद तिथेच राहते. या विजेमुळे तिथल्या पेशी आपलं काम सोडून त्या स्पंदांच्या तालावर पेटू लागतात. त्या जाळ्यातून जाणारा खरा संदेश अडतो आणि ती जागा काही क्षणांपुरती बंद पडते. कापल्यावर काय होईल, हे न कापताच कळतं. एका जागेची तपासणी किमान तीनदा होते, पण सलग नाही. तीनपैकी दोनदा अडखळलं तर तिथे आकड्याचा कागदी तुकडा ठेवतात आणि शक्यतो त्याभोवती सेंटिमीटरभर जागा सोडून कापतात. प्रवाह जास्त झाला तर फिट येऊ शकते. मग लगेच बर्फासारखं थंड रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं क्षारांचं द्रावण) मेंदूवर ओततात. बहुतेक वेळा तेवढ्याने ती थांबते.

नुसतं नाव न विचारता 'हा डोळा आहे' असं पूर्ण वाक्य का बोलायला लावतात? रुग्ण 'हा... आहे' म्हणाला आणि मधलं नाव गळलं, तर जीभ ठीक आहे, शब्द सापडत नाही. सगळंच बोलणं थांबलं, तर उच्चाराची यंत्रणाच अडली. दोन्हींच्या जागा वेगळ्या असतात.

खानदेशातल्या रुग्णासाठी इथेच खरी काळजी घ्यावी लागते. अमळनेर-शिंदखेड्याचा माणूस घरी अहिराणी, कचेरीत मराठी आणि बाजारात हिंदी बोलतो. जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर या संशोधकांनी १९७८ मध्ये दोन द्विभाषक रुग्णांत दाखवलं, की काही जागी वीज लावल्यावर एकच भाषा अडते, दुसरी चालू राहते. म्हणून प्रमाण मराठीत नकाशा काढला आणि अहिराणी राहून गेली, तर रुग्ण दवाखान्यात नीट बोलेल आणि घरी आईशी बोलताना अडखळेल.

दुसरा धोका परीक्षकाच्या कानाचा. डोळ्याचं चित्र बघून अहिराणी माणूस 'हाऊ डोया शे' म्हणणार. रावेर-यावलकडच्या लेवा गणबोलीतही 'ळ'चा 'य' होतो. बोली न जाणणारा परीक्षक याला ध्वनीची चूक धरेल. मग निरोगी उत्तरावर खूण पडेल, जागा वाचवली जाईल आणि तिथली काढता येण्यासारखी गाठ आत राहील. उपाय एकच: आदल्या दिवशी घरच्या बोलीत सगळी चित्रं दाखवून बघायची, रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे आणि जे चित्र तेव्हाच चुकतं ते काढून टाकायचं. परदेशी चित्रांतला बर्फाचा माणूस इथे काय कामाचा? केळीचा घड, कापसाचं बोंड, वखर अशी चित्रं हवीत.

वीज लावून नकाशा काढण्याचा फायदा मोजलेला आहे. २०१२ मध्ये मेंदूच्या ग्लायोमा गाठींच्या ८,०९१ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. कायमचं गंभीर अपंगत्व नकाशा काढलेल्यांत ३.४ टक्के, न काढलेल्यांत ८.२ टक्के. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस बोलणं बिघडू शकतं, ते बहुधा सुजेमुळे. त्या दिवसांत 'बाहेरचं' झालं म्हणून भगताकडे धावण्याऐवजी वाचा-उपचार सुरू करावेत, कारण सुरुवातीचे आठवडे मोलाचे असतात.

मुंबई-पुण्याला अशा शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या नातेवाइकांनी डॉक्टरांना घरची बोली आपणहून सांगावी, ती बोलणारं एक माणूस आदल्या दिवशीच्या चाचणीला सोबत ठेवावं आणि रुग्णाचा जवळचा चष्मा न विसरता न्यावा. चित्र धूसर दिसल्यामुळे झालेली चूकही नकाशावर भाषेची चूक म्हणूनच उमटते.