खासगी म्हणजे कुणाची? व्हीपीएनमागची तीस वर्षे

मावशीचे बिजलीचे बिल भरले जात नव्हते. (आम्हा इंदूरकरांच्यात वीज फक्त आभाळात चमकते, घरात येते ती बिजलीच.) सुदामानगरात तिच्याकडे रविवारचे पोहे झाले, ताटलीला लागलेले जिरावन बोटाने पुसून झाले, तरी मोबाइलवरचे चाक आपले फिरतेच. वरच्या पट्टीत किल्लीचे एक बारीक चिन्ह दिसत होते. कुणीतरी तिला सांगितले होते, "फुकट आहे, टाकून ठेवा, कुणी हॅक करणार नाही." म्हणून तिने एक व्हीपीएन ॲप टाकले आणि त्याने तिला परस्पर नेदरलँड्समध्ये नेऊन बसवले. बिलाच्या साइटला परदेशातून आलेला ग्राहक चालत नव्हता.

"आजी, माझं पैसे भरलेलं आहे, त्यात आपण इंडिया निवडू," नातू म्हणाला आणि त्याने आपला फोन पुढे केला. देशांच्या यादीत लिहिले होते: इंडिया (व्हाया सिंगापूर).

मावशीने चष्मा वर सरकवला. "अरे, इथून राजवाड्याला जायला सिंगापूरमार्गे कशाला?"

मला तिला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही, कारण ते थोडक्यात सांगण्यासारखे नाही.

सुरुवात नावापासूनच करावी लागते. व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. यातल्या 'प्रायव्हेट'चा अर्थ बहुतेक लोक 'गुप्त' असा लावतात. इंदुरात हा घोटाळा व्हायला नको, कारण होळकरशाहीत दौलत (राज्याची) वेगळी आणि खासगी (राणीच्या मालकीची) वेगळी होती. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर झाली, पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. त्या खासगीत लपवाछपवी नव्हती, तिथे प्रश्न मालकीचा होता. व्हीपीएनमधला 'प्रायव्हेट' याच जातीचा आहे. जाळे कंपनीचे, कंपनीच्या माणसांसाठी. त्यावरून जाणाऱ्या माणसाची गोपनीयता हा विषय जन्माच्या वेळी कुणाच्या डोक्यातही नव्हता.

त्याआधी दोन शाखा जोडायच्या तर टेलिफोन खात्याकडून लीज लाइन घ्यावी लागे. पीथमपूरच्या कारखान्यापासून सियागंजच्या पेढीपर्यंत एक अख्खी तार तुमच्यासाठी राखीव आणि भाडे अंतरावर. बँकांना, मोठ्या उद्योगांना ते परवडे. १९९० च्या दशकात इंटरनेट स्वस्त झाले तेव्हा साधा विचार पुढे आला: रस्ता सार्वजनिकच वापरू, गाडीला पडदे लावू. तांत्रिक भाषेत याला टनेल म्हणतात, मला मात्र पाकिटात पाकीट हे जास्त पटते. आतल्या पाकिटावर खरा पत्ता आणि मजकूर, तोही सांकेतिक. बाहेरच्या पाकिटावर फक्त व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता. मधल्या टपालवाल्याला बाहेरचे तेवढे दिसते. सर्व्हर ते फोडतो आणि आतले पुढे धाडतो. म्हणजे सर्व्हरवाल्याला आतला पत्ता दिसतोच. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

१९९३ मध्ये जॉन आयोनिडिस आणि मॅट ब्लेझ यांनी इंटरनेटवरची पाकिटे सांकेतिक करण्याचा स्वाइप नावाचा प्रयोग केला, १९९५ मध्ये त्याच कामासाठीच्या आयपीसेक या पद्धतीची पहिली मानके प्रसिद्ध झाली. पण सामान्य कचेरीत व्हीपीएन पोहोचला तो १९९६ च्या पीपीटीपी या टनेल-पद्धतीमुळे. मायक्रोसॉफ्टमधले गुरदीप सिंग पॉल यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. विंडोजमध्येच आयता असल्यामुळे तो गावोगाव पसरला. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, सांकेतिक लिपीचे जाणकार ब्रूस श्नायर आणि 'मज' या टोपणनावाचे हॅकर यांनी मायक्रोसॉफ्टने केलेल्या त्याच्या रचनेतली भोके उघडी केली. दुरुस्ती झाली, पण तीही पुरली नाही. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवले, की त्याचा पासवर्ड-व्यवहार पकडला तर एका दिवसाच्या आत फोडता येतो.

इथे माझा कबुलीजबाब. सियागंजातल्या एका पेढीचा टॅली आणि कारखान्यातला संगणक मी पीपीटीपीनेच जोडला होता, आणि २०१२ नंतरही कितीतरी दिवस तो तसाच चालू होता. चालतेय ना, मग हात कशाला लावा. शेटजींचे म्हणणे, "भिया, चल तो रिया है." चालत होतेच. तुटलेले कुलूपही दारावर लटकलेले असले की लांबून लावलेलेच दिसते.

याच काळात आपल्या सरकारचे धोरण गमतीदार होते. इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यातल्या अटींनुसार मजकूर सांकेतिक करायला परवानगीशिवाय ४० बिट लांबीपर्यंतचीच किल्ली वापरता येई (जितके बिट जास्त, तितकी ती शोधणे अवघड), त्याहून मोठी हवी तर परवानगी घ्या आणि किल्ली सरकारजमा करा. २००७ च्या परवाना-तत्त्वांतही हे कलम होते. ४० बिट म्हणजे किती? १९९७ च्या जानेवारीत इयन गोल्डबर्ग या बर्कलीच्या विद्यार्थ्याने एवढ्याच लांबीची किल्ली २५० संगणक लावून साडेतीन तासांत शोधली होती. आणि इकडे रिझर्व्ह बँक २००१ पासून इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट सांगत होती. एका खात्याने पातळ कुलूप लावा म्हणायचे, दुसऱ्याने जाड. लोकांनी जाड लावले, कुणी विचारले नाही.

कंपनीच्या चौकटीतून व्हीपीएन बाहेर पडला तो प्रवाशांमुळे. जेम्स योनन २००१ मध्ये मध्य आशियात फिरत होते, ऑफिसचे काम अनोळखी, बहुतेक रशियन आणि आशियाई कंपन्यांच्या जाळ्यांवरून करावे लागे. त्या अस्वस्थतेतून त्यांनी ओपनव्हीपीएन लिहिला. फुकट, खुला, कुणालाही तपासता येणारा. आजच्या विक्रीवाल्या कंपन्यांपैकी पुष्कळांचा धंदा पहिली कित्येक वर्षे त्याच्यावरच चालला.

मग फुकट वाय-फायचे दिवस आले. २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचे फायरफॉक्स ब्राउझरचे जोडपत्र (ॲड-ऑन) सोडले. एकाच वाय-फायवर बसलेल्या शेजाऱ्याचे फेसबुक खाते दोन क्लिकमध्ये उघडे. तेव्हा बहुतेक साइट लॉगिननंतर उघड्या पाकिटातच मजकूर पाठवत. व्हीपीएनच्या जाहिरातीतला तो कॅफेत बसलेला काळ्या टोपीवाला चोर त्याच वेळचा. तेव्हा तो खरा होता. २०१३ च्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीची कागदपत्रे बाहेर काढली आणि चोराच्या जोडीला सरकारही आले. मात्र त्याच धक्क्याने दुसरे काहीतरी घडले: साइट्सनी स्वतःच पाकिटे बंद केली. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने साइट्सना त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे फुकट वाटायला सुरुवात केली आणि ब्राउझरमध्ये पत्त्याआधीचे कुलूप ही सर्वसाधारण गोष्ट झाली. आज छप्पन दुकानच्या वाय-फायवर बसून बँकेचे ॲप उघडले तर शेजाऱ्याला शिल्लक दिसत नाही. कोणत्या साइटवर गेलात याचा माग मात्र वाय-फायवाल्याला आणि इंटरनेट कंपनीला बहुतेक वेळा लागतो. व्हीपीएन हाच माग त्यांच्यापासून झाकतो आणि स्वतःकडे घेतो. जाहिरात अजूनही २०१० च्याच चोरावर चालते.

आणि हा माग हीच तर कमाईची वस्तू. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही इस्रायली कंपनी घेतली. तिचे 'सुरक्षा' देणारे व्हीपीएन ॲप लोक कोणती ॲपे किती वापरतात हे मालकाला कळवत होते. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते त्यांच्या दुकानातून उतरले, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने याच प्रकरणी मेटाच्या (म्हणजे फेसबुकच्याच) दोन उपकंपन्यांना दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. होला या फुकट व्हीपीएनने तर वेगळीच शक्कल लढवली होती: फुकट वापरणाऱ्यांचीच इंटरनेट जोडणी दुसऱ्यांना विकायची. हे २०१५ मध्ये उघड झाले. २०१६ मध्ये संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲपे तपासली, त्यांतल्या १८ टक्क्यांनी मजकूर सांकेतिक केलाच नव्हता आणि ३८ टक्क्यांत मालवेअरच्या खुणा सापडल्या. २०२४ मध्ये अमेरिकेने ९११ एस५ हे जाळे मोडले. त्यात फुकट व्हीपीएन ॲपांतून बळकावलेले १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) होते. म्हणजे गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि पत्ता तुमच्या घरचा. मावशीच्या ॲपकडे मी याच नजरेने पाहत होतो.

भारतात सामान्य माणसाच्या कानावर व्हीपीएन हा शब्द २०२० मध्ये पडला. जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, सप्टेंबरात पबजीवर, आणि पोरांनी आडवाटा शोधल्या. पण त्याआधी, मार्चमध्ये, मोठी माणसे तिथे पोहोचली होती. टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात लिनक्स या संगणक-प्रणालीची ५.६ आवृत्ती आली आणि तिच्यात जेसन डोनेनफेल्ड यांचा वायरगार्ड हा नवा व्हीपीएन आतच बसवलेला होता: कोडच्या चार हजार ओळींच्या आसपासचा, वेगवान, जुन्यांपेक्षा कितीतरी आटोपशीर. दूरसंचार खात्याने घरून काम करण्यावरचे कॉल सेंटरांचे जाचक नियम सैल केले. सुपर कॉरिडॉरवरच्या इमारती ओस पडल्या आणि घराघरांतून "माझा व्हीपीएन तुटला" ही ओरड ऐकू यायला लागली. माझी भाची तर कुकरच्या शिट्ट्या नि व्हीपीएनची तुटातूट दोन्ही एकाच वहीत मोजत असे.

आता सिंगापूर. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी संस्थेने आयटी कायद्याच्या कलम ७०-बी खाली आदेश काढला. व्हीपीएन विकणाऱ्याने ग्राहकाचे नाव, पडताळलेला पत्ता, फोन, दिलेला आयपी, घेण्याचे कारण हे सारे ५ वर्षे जपून ठेवायचे, ग्राहकाने सेवा सोडली तरी. ऑफिसचे व्हीपीएन यातून वगळले. सायबर गुन्ह्यांचा माग काढायला हे लागते, ही सरकारची बाजू. ती हवेतली नाही, ऑनलाइन फसवणूक झालेल्या माणसाला विचारा. पण जी सेवा 'आम्ही नोंद ठेवत नाही' म्हणूनच विकली जाते तिला नोंद ठेवायला सांगणे म्हणजे हलवायाला दुकान चालू ठेव पण साखर वापरू नको म्हणण्यासारखे झाले. पटत नसेल त्यांनी जावे, असे तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी सुनावले. जूनमध्ये एक्सप्रेसव्हीपीएनने भारतातली यंत्रे (सर्व्हर) हलवली, मग सर्फशार्क, नॉर्ड, पुढे प्रोटॉन. यंत्र सिंगापुरात, पत्ता मात्र भारताचा नोंदवलेला. म्हणून नातवाच्या यादीत ती ओळ. मावशीचे पाकीट खरेच समुद्र ओलांडून परत येते.

व्हीपीएन वापरणे हा देशभर गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत मात्र प्रशासनाने वेळोवेळी त्यावर बंदी घातली आहे, तिकडे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

निवड करताना मी वेगाचे आकडे शेवटी पाहतो. आधी मालक. एक्सप्रेसव्हीपीएन २०२१ मध्ये केप कंपनीने ९३ कोटी ६० लाख डॉलरना घेतला. या केपचे जुने नाव क्रॉसरायडर, जिच्या तंत्रावर जाहिराती घुसडणारी सॉफ्टवेअरे चालत. म्हणून एक्सप्रेसव्हीपीएन वाईट ठरतो असे नाही, पण विकत घेणाऱ्याला हे ठाऊक असावे. मग 'नोंद ठेवत नाही' हे वाक्य कधी कसोटीला लागले का ते. २०२० मध्ये हाँगकाँगच्या यूएफओ व्हीपीएनसह सात सेवांच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या सापडल्या, सातही नोंद न ठेवणाऱ्या म्हणवत होत्या. उलट एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचा हुकूम घेऊन मुलवाड या व्हीपीएन सेवेच्या कचेरीत गेले आणि रिकाम्या हाताने परतले. त्या सेवेत खाते म्हणजे नुसता एक क्रमांक, ईमेलसुद्धा मागत नाहीत. बाहेरच्या तपासनिसाचा अहवाल, वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन, आणि टनेल तुटला तर इंटरनेटच बंद करणारा किल-स्विच, एवढे असले की माझे समाधान होते. पीपीटीपीचा पर्याय दिसला तर मी तिथूनच वळतो. मी शिकलोय.

आणि घेतला तरी गूगलमध्ये लॉगिन करून बसलात तर गूगलला तुम्ही कोण ते ठाऊकच आहे. फोनचा जीपीएस सिंगापूरला जात नाही, तो सुदामानगरच सांगतो.

हे सगळे मावशीला सांगितले नाही. तिने एवढेच विचारले, "मग हे फुकटवालं कुणाचं आहे?" नातवाने ॲपच्या पानावर खाली खाली जाऊन मालकाचे नाव शोधले. एक जीमेलचा पत्ता होता, बाकी काही नाही. त्याने ते काढून टाकले. किल्लीचे चिन्ह गेले, घरच्या वाय-फायवरून साइट पहिल्याच फटक्यात उघडली, आणि मावशी युनिटचा आकडा बघून म्हणाली, "एवढं कसं आलं रे? एसी तर लावलाच नव्हता."