बॅटरीच्या तीनचाकीला ओझे ओढवत नाही का?

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आणि यवतमाळच्या कापूसगावांत, डिझेलच्या मालवाहू ऑटोचे इंजिन काढून विजेची मोटर आणि बॅटरी बसवली की भरली गाडी चढ चढत नाही, असा समज घट्ट रुजला आहे. तो बहुधा प्रवासी ई-रिक्षा पाहून झाला असावा; परंतु त्यांचा वेग नियमानेच ताशी 25 किलोमीटरवर बांधलेला असल्याने त्यावरून मालवाहू गाडीची ताकद जोखणे चुकीचे आहे. डिझेल इंजिनाला फेरे वाढल्याशिवाय जोर येत नाही, म्हणूनच संत्र्यांचे क्रेट रचलेली गाडी चढावर उचलताना चालक क्लच अर्धा दाबून इंजिन घुमवत ठेवतो. विजेची मोटर मात्र उभ्या जागेवरूनच भरपूर जोर देते. खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत. बॅटरी जड असेल तर मालाची क्षमता घटते, ओझ्याने आणि चढाने एका चार्जिंगमधील अंतर कमी होते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावल्यास तिचे आयुष्य घटते. शिवाय गॅरेजमध्ये मोटर जोडून घेतली म्हणजे काम संपले, असेही नाही (हा गैरसमज अधिक महागात पडतो): मोटर-बॅटरीचा मान्यताप्राप्त संच (किट) आणि आरटीओच्या नोंदणी प्रमाणपत्रात इंधनबदलाची नोंद, दोन्ही आवश्यक आहेत.