आरोग्यसेवेची हमी

आजारी माणसाच्या खिशात पैसे असोत वा नसोत, त्याला उपचार मिळालेच पाहिजेत आणि ते मिळवून देण्याची जबाबदारी समाजाने, म्हणजे व्यवहारात सरकारने, पत्करली पाहिजे, अशी धारणा. ‘सर्वांसाठी आरोग्यसेवा’, ‘आरोग्याचा हक्क’ हे शब्द बोलताना याच अर्थाने येतात. पण योजना, हमी आणि हक्क या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भारतातला वाद बराचसा त्या फरकाचाच आहे.

‘हमी’ या शब्दाला महाराष्ट्रात नेमका कायदेशीर अर्थ मिळाला तो रोजगार हमी योजनेमुळे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. पैशासाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. पगाराच्या चिठ्ठीवर आजही दिसणारी ती कपात मूळची याचसाठी. भत्ता प्रत्यक्षात फारसा कुणाच्या हाती पडला नाही, हे खरे. तरीही मागण्याचा अधिकार, ठरलेली मुदत, चुकल्यास भरपाई आणि पैशाची नेमून दिलेली वाट असे चारही पाय त्या कायद्याला होते. आरोग्यासाठी आखलेल्या बहुतेक योजनांना यांतला एखाद-दुसराच असतो.

भारतात या कल्पनेची पहिली तपशीलवार मांडणी केली ती ब्रिटिश सरकारने देशातल्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला नेमलेल्या भोर समितीने. समिती १९४३ मध्ये नेमली गेली, अहवाल १९४६ मध्ये आला. अध्यक्ष सर जोसेफ भोर जन्माने नाशिकचे आणि डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. पैसे नाहीत म्हणून कुणीही योग्य उपचारांना मुकू नये, हे अहवालाचे पहिले तत्त्व. दर १० ते २० हजार लोकवस्तीला ७५ खाटांचे रुग्णालय असावे, असा त्याचा लांब पल्ल्याचा आराखडा होता. ब्रिटनमध्ये सामाजिक सुरक्षेविषयीच्या बेव्हरिज अहवालानंतर ५ जुलै १९४८ रोजी करांच्या पैशातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. इकडे १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. आज सपाट प्रदेशात ३० हजार आणि आदिवासी व डोंगरी भागात २० हजार वस्तीमागे एक केंद्र, असा निकष आहे. भोर यांच्या ७५ खाटा त्यात कुठेच नाहीत.

राज्यघटनेत आरोग्याचा मूलभूत हक्क थेट लिहिलेला नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे अनुच्छेद ४७ नुसार राज्याचे कर्तव्य आहे, पण हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या बळावर कोर्टात दाद मागता येत नाही. ती उणीव न्यायालयांनी अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा अर्थ रुंदावून काही प्रमाणात भरून काढली. १९९२ मध्ये पश्चिम बंगालात रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले. शेवटी त्याने खाजगीत स्वतःच्या पैशाने उपचार घेतले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या याचिकेवर १९९६ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २५ हजार रुपये भरपाई दिली आणि पैशाची चणचण ही घटनात्मक कर्तव्य टाळण्याची सबब होऊ शकत नाही, असे बजावले. निकाल मोठा, पण तातडीच्या उपचारांपुरता. रोजच्या दुखण्याखुपण्याला त्याचा आधार तोकडाच पडतो.

२०१५ मधल्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हा कायद्याने मागता येणारा हक्क करावा, अशी सूचना होती. २०१७ च्या अंतिम धोरणातून ती गळाली आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी ‘आश्वस्तता’, म्हणजे कायद्याने मागता न येणारे आश्वासन, आली. इमारती आणि डॉक्टर पुरेसे नसताना हक्क देऊन काय उपयोग, हा त्यामागचा युक्तिवाद. रोजगार हमी मात्र कामे तयार असल्यामुळे आली नव्हती. मागणीच्या रेट्याने कामे काढावी लागतील, असा तिचा हिशेब होता.

महाराष्ट्राने वाट धरली ती विम्याच्या धर्तीची. जुलै २०१२ मध्ये गडचिरोली, नांदेड, सोलापूर, मुंबईसह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत ९७१ प्रकारचे उपचार होते. २०२३ मध्ये पांढऱ्या कार्डासह सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. २०१८ पासूनच्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचीही मर्यादा तीच.

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे रुग्णांना योजनेची मदत करायला नेमलेल्या माणसाचे, टेबल असते. नातेवाईक रेशनकार्ड आणि आधार पुढे करतात. एका कार्डावर ‘शांताबाई’, दुसऱ्यावर ‘शांता’. मग दुरुस्तीसाठी तहसीलला खेटे. कागद जुळले की आजार यादीत बसतो का ते पाहायचे आणि मंजुरीची वाट बघायची. बायपास त्यात बसते. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या बसत नाहीत, कारण योजना मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळे मोफत झाले, पण महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या विभागाखाली येत नाहीत. लोकांच्या लेखी तिन्ही ‘सरकारी दवाखाना’च. आणि औषध साठ्यात नसले की हातात पडते ती ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. मधल्या काळात पाहणीच्या आकड्यांचा आधार बदलल्याने ही घट खरी किती, यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. २०२१-२२ मध्ये आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के ठरवले होते.

हमीच्या विरोधकांचे म्हणणे असे की फुकटाला किंमत नसते, गर्दी वाढते, दर्जा घसरतो आणि भार करदात्यावर पडतो. गर्दीचा मुद्दा खोटा नाही. पण आरोग्य इतर मालासारखे विकत घेता येत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवले होते: काय घ्यायचे ते गिऱ्हाईक ठरवत नाही, विकणाराच ठरवतो. स्ट्रेचरवरून कुणी चार ठिकाणी भाव विचारत फिरत नाही. थायलंडने २००२ मध्ये एका भेटीला ३० बाट आकारून उरलेला खर्च करांतून भागवणारी योजना आणली, तेव्हा तो श्रीमंत देश नव्हता.

हक्काचा स्वतंत्र कायदा भारतात प्रथम राजस्थानने मार्च २०२३ मध्ये केला. तातडीच्या रुग्णाला आगाऊ रक्कम न घेता उपचार द्यावे लागतील, या कलमावर खाजगी डॉक्टर संपावर गेले. रुग्णाने बिल भरले नाही तर ते कोण, कधी आणि कोणत्या दराने भरणार, हा त्यांचा सवाल रास्त होता. सुमारे दोन आठवड्यांनी तडजोड झाली: सरकारी सवलत न घेतलेली खाजगी रुग्णालये आणि ५० पेक्षा कमी खाटांची खाजगी रुग्णालयेही कायद्यातून वगळायची. तालुक्याच्या गावी रात्री-अपरात्री गाठता येते ते रुग्णालय बहुधा त्याच आकाराचे असते.