केंद्रीकरण, दुर्बीण-कॅमेऱ्याचे

दुर्बिणीच्या वस्तुभिंगाने किंवा आरशाने तयार झालेली ताऱ्याची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर नेमकी पडावी म्हणून संवेदक पुढेमागे सरकवण्याची क्रिया. हौशी मंडळी तिला सरसकट ‘फोकस’ म्हणतात. दूरच्या दिव्यावर किंवा चंद्राच्या कडेवर अंदाज घ्यायचा, मग ठळक तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहापट मोठा करून बारीक जुळवणी करायची, हा क्रम सर्वपरिचित आहे.

संवेदक किती हलला तरी चालतो, हे दुर्बिणीच्या एफ-अंकाच्या (केंद्रांतर, म्हणजे भिंग वा आरशापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर, भागिले त्याचा व्यास) वर्गावर ठरते. रूढ सूत्रात तरंगलांबी, एफ-अंकाचा वर्ग व ४.८८ यांचा गुणाकार घेतात. हिरव्या प्रकाशासाठी (०.५५ मायक्रोमीटर) एफ/५ (एफ-अंक ५) दुर्बिणीत ही मुभा सुमारे ६७ मायक्रोमीटर, तर एफ/१० मध्ये २६८ मायक्रोमीटर येते. पाव-तरंगाचा निकष (प्रकाशलहरीतील चूक तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको) लावणारे ४.८८ ऐवजी ४ धरतात. मग एफ/५ ला ५५ मायक्रोमीटरच उरतात. वातावरणामुळे तारा मुळातच फुगलेला असल्याने हा वाद बराचसा कागदावरचा आहे. तरी कडक निकष धरणे बरे.

जुळवणी तपासण्याच्या छिद्रयुक्त झाकणाचे (मास्क) जनकत्व वादग्रस्त आहे. दोन-तीन छिद्रांचे झाकण लावल्यास केंद्राबाहेरचा तारा तितक्याच ठिपक्यांत फुटतो आणि केंद्रावर ते ठिपके एक होतात. हे झाकण जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस हार्टमान यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी पोट्सडाम वेधशाळेत १९०० च्या सुमारास अनेक छिद्रांची तबकडी वापरली खरी, पण ती मोठ्या वस्तुभिंगाचे दोष मोजण्यासाठी. दोन छिद्रांचे तत्त्व जर्मन जेझुइट खगोलशास्त्रज्ञ क्रिस्टोफ शायनर यांनी १६१९ मध्येच मानवी डोळ्याच्या संदर्भात मांडले होते. त्यामुळे साध्या झाकणाचे श्रेय शायनर यांना देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाच्या मास्कबाबत (साधारण २००५) असा वाद नाही. त्यात फटींचे तीन गट असतात. दोन गट तिसऱ्याशी सुमारे २० अंशांनी विरुद्ध बाजूंना कललेले. विवर्तनामुळे (फटींच्या कडांपाशी प्रकाश पसरल्यामुळे) ताऱ्याभोवती फुली व मधली रेघ उमटते. रेघ फुलीच्या बरोबर मध्यातून गेली की केंद्र साधले. एक फट व तिच्या शेजारची पट्टी मिळून रुंदी केंद्रांतराच्या १५० ते २०० व्या भागाइतकी ठेवतात. मास्क जाड पुठ्ठ्यातूनही कापता येतो. छायाचित्रणापूर्वी तो काढायला विसरणे हा नवशिक्यांचा नित्याचा प्रमाद होय.

साधलेले केंद्र रात्रभर टिकत नाही. ॲल्युमिनियमची ५० सेंमी. नळी तापमान १० अंश सें. उतरल्यास सुमारे ११५ मायक्रोमीटर आखडते, म्हणजे एफ/५ ची मुभा ओलांडते. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळ ते पहाट तापमान जवळपास तितके उतरू शकते. म्हणून तासा-दीड तासाने जुळवणी पुन्हा पाहावी लागते. रंगगाळणी बदलली तरी तेच.

कोल्हापूर शहराचे अक्षवृत्त सुमारे १६.७° उ. असल्याने रोहिणी येथे जवळजवळ माथ्यावरून जाते व हवेचा थर सर्वांत कमी लागतो. मात्र भिंगाच्या दुर्बिणीत त्या वेळी कॅमेरा सरळ खाली लोंबतो आणि त्याच्या वजनाने फोकसची (कॅमेरा धरणारी सरकती) नळी हळूच घसरते. खिट्टी आवळल्यावर मास्कने पुन्हा पाहणे आवश्यक. ध्रुव क्षितिजापासून १७ अंशांच्या आसपास व अगस्त्य फार तर २१ अंशांपर्यंत चढत असल्याने दोन्ही थरथरतात आणि या कामी निरुपयोगी ठरतात. निरभ्र आकाशाचा काळ आणि गुऱ्हाळांचा हंगाम एकच असल्याने चिपाडाचा धूर व पंचगंगेच्या खोऱ्यातील पहाटेचे धुके यांत मंद तारे बुडतात. अशा रात्री व्याध किंवा ब्रह्महृदय यांसारखा ठळक तारा घ्यावा. सुमारे २० किमी. वरील पन्हाळ्यावर धूर कमी, पण वारा जास्त. तिपाई हलत असल्यास मास्कची रेघ वाचता येत नाही.