बिडाचा तवा साबणाने बिघडत नाही

बिडाच्या तव्याला साबण लागला की घावनं चिकटतात, असं घरोघरी सांगतात. ते खरं नाही. तव्यावरचा काळा थर म्हणजे नुसतं तेल नव्हे. तेलाचा पातळ हात खूप तापला की घट्ट होऊन धातूला धरून बसतो, त्याचं ते कठीण आवरण. भांड्यांच्या साध्या लिक्विडने वरचं सुटं तेल जातं, हे आवरण नाही. कॉस्टिक सोडा मात्र ते खातो. जुन्या जहाल साबणांत तो उरलेला असे, भीती बहुधा तिथली. तवा खरा बिघडतो रात्रभर पाण्यात ठेवल्याने, तारेच्या घासणीने. म्हणून बिनधास्त धुवा, पण लगेच पुसून गॅसवर कोरडा करा, तेल अगदी पुसटसं लावा. आणि घावन घालण्याआधी तवा नीट तापू द्या. पुष्कळदा चूक तिथेच होते.