एकाच सुरीचे दोन आवाज

न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १३ स्वयंसेवकांना एमआरआय यंत्रात झोपवून ७४ निरनिराळे आवाज ऐकवले होते आणि प्रत्येक आवाज किती नकोसा वाटतो, हे त्यांनाच ठरवायला सांगितले होते. फळ्यावर करकरणारा खडू, काचेवर ओढलेला काटा ही मंडळी यादीत होतीच. पण सर्वांत नकोसा ठरला तो बाटलीवर घासलेल्या सुरीचा आवाज. कमीत कमी त्रास देणाऱ्या आवाजांत वाहते पाणी होते. गंमत अशी की, तीच सुरी ओल्या दगडावर धार लावण्यासाठी ओढली, तर जो आवाज निघतो तो बाटलीपेक्षा पाण्याच्या जवळचा असतो, आणि तो तासन्‌तास ऐकत बसणारी माणसे जगभर आहेत.

बाटली गुळगुळीत आणि कठीण असते. सुरीची कड तिच्यावर क्षणभर अडकते, ताण वाढला की सुटते आणि लगेच पुन्हा अडकते. हे अडकणे-सुटणे पात्याच्या स्वाभाविक कंपनाशी जुळले की सगळे पाते एका सुरात किंचाळू लागते. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो, फक्त तिथे तो सूर आपल्याला हवा असतो. त्या प्रयोगातील त्रासदायक आवाज मुख्यतः २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यातले होते आणि आपला कान याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, कारण सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची, आतल्या टोकाला पडद्याने बंद असलेली कानाची नळी ३,००० हर्ट्‌झच्या आसपास स्वतःच घुमते आणि तो आवाज वाढवून आत पाठवते. अंगावर शहारा येतो तो उगीच नव्हे.

दगडावर मात्र असा एकच एक सूर जमू शकत नाही. दगडाचा नंबर जितका मोठा तितके त्यातील कण बारीक. १,००० नंबरच्या दगडातील कण साधारण १० ते १५ मायक्रॉनचे असतात, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान. कण एकमेकांना खेटून बसले आहेत असे धरले आणि सुरी सेकंदाला ३० सेंटीमीटर वेगाने सरकली, तर पात्यावरच्या एकेका बिंदूखालून सेकंदात २० हजारांहून अधिक कण जातात. काही उंच, काही खोल, अंतरे असमान. त्यामुळे प्रत्येक कण आपापल्या वेळी टोचतो आणि पात्याला कोणत्याही एका कंपनात स्थिर होऊ देत नाही. पावसाच्या सरीत एकेक थेंब वेगळा ऐकू येत नाही, तसेच इथे होते. वर पाण्याचा थर कंपने शोषून घेतो आणि झिजलेले पोलाद वाहून नेतो. हातांची ये-जा सेकंदाला एक-दोनदा, ठरलेल्या लयीत होत असल्यामुळे पुढचा आवाज कधी आणि कसा येणार हे मेंदूला आधीच ठाऊक असते, आणि दचकायचे कारणच उरत नाही.

कसबी माणूस हा आवाज करमणूक म्हणून ऐकत नाही. तो त्याच्या हाताचा मापक असतो. जपानी धाटणीच्या सुऱ्यांना दर बाजूला साधारण १५ अंशांचा, तर युरोपीय सुऱ्यांना २० अंशांच्या आसपासचा कोन देतात. चार सेंटीमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून एक सेंटीमीटर वर धरली की १५ अंश होतात, पण ते एक सेंटीमीटर प्रत्येक फेरीत टिकवणे हेच सगळे कौशल्य. धारेचा उतार दगडावर सपाट टेकला असेल तर भरीव, घासण्याचा ‘सर्र’ असा आवाज येतो. पाठ जरा उचलली गेली की फक्त कड टेकते आणि आवाज बारीक, ओरखडल्यासारखा होतो. दगड कोरडा पडू लागला तर तोच आवाज कर्कश होतो, म्हणजे ओंजळभर पाण्याची वेळ झाली. मला स्वतःला कोन डोळ्यांनी कधीच नीट कळला नाही. पुढे सरकताना आणि मागे येताना आवाज सारखा येतो का, एवढेच मी ऐकत असे आणि धार त्यानंतरच लागू लागली.

आपल्या घरांतले उपायही याच हिशेबाने तपासता येतात. ओट्याच्या कडाप्प्यावर सुरी चार वेळा घासणे हा सर्वांत प्रचलित, आणि माझ्या मते सर्वांत निरुपयोगी. कडाप्पा हा चुनखडक. त्यातील मुख्य खनिज कॅल्साइट. खनिजांची कठीणता १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोहस मापावर ते ३, तर कडक केलेले पोलाद ६ च्या आसपास किंवा त्याहून वर. मऊ दगड कठीण धातूला झिजवणार कसा? फार तर वाकलेली कड तात्पुरती सरळ होते. चिनी मातीच्या बरणीच्या बुडाला मात्र चकाकी न दिलेले खरखरीत कडे असते आणि ते पोलादाहून कठीण असल्याने सुरीला खरोखर धार लावते. धार लावायच्या दगडांत वापरले जाणारे कुरुंद हे खनिज तर ९ वर आहे. ‘कोरंडम’ हे त्याचे इंग्रजी नावही दक्षिण भारतीय भाषांतल्या याच शब्दावरून गेले, आणि १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचिसनने सिलिकॉन कार्बाइड तयार केले तेव्हा त्याने त्या नव्या पदार्थाला ‘कार्बोरंडम’ म्हटले, त्यातही आपला कुरुंद डोकावतो. शस्त्रांना शिकल करणाऱ्या, म्हणजे घासून धार व चकाकी देणाऱ्या शिकलगारांचे आडनाव महाराष्ट्रात अजून आहे. दारावर येणारा धारवाला मात्र फिरत्या चाकावर काम करतो. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते, आणि ती निळी पडली म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले व पोलादाचा कडकपणा तेवढ्या जागी कायमचा उतरला. ओल्या दगडावर हाताने काम करताना ही भीती नसते.

एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूला धातूची अतिशय पातळ पट्टी वळून येते. कारखान्यांत तिला ‘बर’ म्हणतात. पाठीकडून कडेकडे अंगठा हलकेच ओढला, तर ती नखाला अडते. बर संपूर्ण लांबीत आली की बाजू बदलायची आणि नंतर ६,००० नंबरच्या दगडावर यायचे. तिथले कण दोनेक मायक्रॉनचे, ओरखडे तितकेच उथळ, म्हणून आवाजही जवळजवळ नाहीसा होतो. पंखा चालू असेल तर ऐकूच येत नाही. बर निघाली का, हे पाहायला वर्तमानपत्राचा कागद हातात उभा धरून सुरी मुठीजवळच्या टाचेपासून टोकापर्यंत त्यातून ओढावी. पाते जिथे स्वच्छ आहे तिथे कागद बारीक कुजबुजल्यासारखा फाटतो, आणि जिथे बर उरली आहे तिथे तो ‘टर्र’ करून अडतो. तेवढ्या दोन बोटांच्या जागेवर पुन्हा पाच-सहा हलके हात फिरवावे लागतात.